तुम्ही विचारलंत म्हणून : दलालीचे किती वाचले?

लग्नात, तेरवीत, इथं नागपुरात फुटाळा तलावावर फिरताना, सगळीकडे तोच प्रश्न. "दलालाशिवाय घर विकलंत म्हणे! किती वाचले?" मी आजवर "साडेतीन लाख" सांगून सुटत आले. १ कोटी ८० लाखांवर दोन टक्के, म्हणजे ३ लाख ६० हजार. फक्त १ कोटी ८० लाख मला कुणी दिलेच नाहीत.

कागदांचं विचारू नका. नासुप्रची (नागपूर सुधार प्रन्यासची) एनओसी, कराच्या पावत्या, मालकीहक्काचा तीस वर्षांचा सर्च, हे सगळं वकिलानं केलं. दलाल असता तरी वकिलानंच केलं असतं. दलाल नुसता "होऊन जाईन ताई" म्हणत फिरला असता.

फाटकावर मी पाटी लावली होती : थेट मालकाकडून, दलालांनी संपर्क करू नये. पहिल्या आठवड्यातले सगळे फोन दलालांचेच. त्यातला एक म्हणाला, "ताई, पाण्याचं आपण बोलायचंच नाही. गिऱ्हाईक विचारीन तं पाहून घेऊ." मी फोन आपटला. खोटं बोलायचे दोन टक्के घेतात मेले, असं मनाशी म्हटलंसुद्धा. तेव्हाची मी फार ताठ होते.

मग ते नवरा-बायको आले. दोघंही बँकेत, सोबत सासूबाई. दुसऱ्यांदा आले होते. १ कोटी ८० लाख भाव ठरला होता, दुसऱ्या दिवशी पाच लाखांच्या बयाण्याचा चेक द्यायचा होता. सासूबाई देवघरापाशी थांबल्या. भिंतीवरून तळहात फिरवला, नखानं रंग जरासा टोकरला आणि सहज विचारलं, "बाई, इथं पाणी आलं होतं काय?"

अंबाझरी तलावाजवळच्या अंबाझरी लेआऊटमधलं घर. हा प्रश्न येणार हे मला माहीत नव्हतं, असं मी म्हणूच शकत नाही. तरी तोंडातून निघालं, "अंगणात आलं होतं. पायरीपर्यंत."

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे आमच्या घरात चार फूट पाणी होतं. चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव सांडव्यावरून धो धो वाहिला, पाणी वस्तीत घुसलं. पुढचं तुम्हाला पाठ आहे. बाबांची कॉट तरंगत दारात येऊन अडकली होती. फ्रीज आडवा. दिवाळीआधी मी भिंती खरवडून रंग दिला, तो विकण्यासाठी नव्हे, वास जाईना म्हणून. हे मात्र खरं आहे.

रात्री त्यांच्यासाठी फाईल लावताना पुराच्या पंचनाम्याची प्रत हातात आली. पुराच्या मदतीचे सरकारी दहा हजार घेतले होते ना! "चार फूट", आणि खाली माझीच सही.

सकाळी सातला फोन केला. सूनबाईंनी सगळं ऐकून घेतलं. किती पाणी, किती वेळ, काहीच विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "काकू, काल का नाही सांगितलं?"

ते आले नाहीत.

मी सांगितलं ते सचोटीनं की फाईलमधला कागद पाहून? लोकांना मी सचोटी सांगते. कागद सापडला नसता तर काय केलं असतं, हे रात्री कधी कधी विचारते आणि कूस बदलते.

पुढे ज्यानं घेतलं त्यानं फाटकातच विचारलं, "किती फूट?" "चार," म्हटलं. त्याला घराशी देणंघेणं नव्हतंच. पाडून जोतं उंच करायचं होतं. १ कोटी ६६ लाख. बाईच्या नावानं घेतलं की मुद्रांक शुल्कातला एक टक्का वाचतो, म्हणून रजिस्ट्री बायकोच्या नावानं केली. आमच्या रकमेतून टीडीएसचा, म्हणजे आयकराचा, एक टक्का कापला, त्याचं चलन मागून मागून मिळवलं.

म्हणजे चौदा लाख गेले. पाण्यानं गेले की दलाल नव्हता म्हणून? भाऊ म्हणतो, दलाल असता तर बँकवाल्यांना देऊन मोकळे झालो असतो. त्याचं चुकतं असं मला ठामपणे म्हणता येत नाही, आणि त्याचाच राग येतो.

परवा धरमपेठेत ती सूनबाई भाजी घेताना दिसली. मी पलीकडच्या ठेल्याकडे वळले आणि गरज नसताना अर्धा किलो वांगी घेतली.