केईएममधील डॉ. सेन
आज परळच्या केईएम रुग्णालयात आत्याच्या तपासणीसाठी थांबलो असताना डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचे स्मरण सतत होत राहिले. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाऊनमध्ये मानवी हृदयाचे पहिले प्रत्यारोपण केल्यानंतर तीन महिन्यांच्या आत, कुत्र्यांवरील प्रयोगांचा अनुभव गाठीशी असलेल्या सेन यांनी भारतातील पहिले हृदय प्रत्यारोपण येथे, गोरगरिबांच्या या महापालिकेच्या रुग्णालयात केले. रुग्ण काही तासच जगला. पण तेवढ्यावरून त्या धाडसाला अपयश म्हणणे मला अन्यायकारक वाटते. प्रत्यारोपणासाठी हृदय मिळते ते मेंदूमृत्यू झालेल्या, म्हणजे मेंदूचे कार्य कायमचे थांबले तरी हृदय सुरू असलेल्या दात्याकडून; या मेंदूमृत्यूला आपल्याकडे कायद्याची मान्यता मिळाली ती १९९४ मध्ये, आणि त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण केले. ते पाहण्यासाठी सेन हयात नव्हते, याची हळहळ वाटते.