साठ तासांत सहा नाच

"मॅडम, इतके सारे नाच कायले जी? एकच शिकवा ना बराबर."

प्रवेशाच्या दिवसांत हा प्रश्न ठरलेला. मुलीला घेऊन आलेले वडील विचारतात, स्टाफरूममध्ये चहा पिता पिता सहकारी विचारतात, आणि नागपूरच्या माझ्या गुरुभगिनी फोनवर जरा दुखावलेल्या आवाजात विचारतात. उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज बसून सांगते.

आमचं कॉलेज वैनगंगेकाठच्या एका तालुक्याच्या गावात आहे. वर्गातली निम्मी पोरं २०-२५ किलोमीटरवरून एसटीने येतात. नवीन शैक्षणिक धोरणामुळे आता बीए, बीकॉम, बीएस्सीच्या पोरांना एनएसएस, खेळ, योग यांच्या जोडीला कलेचाही विषय घेता येतो, २ क्रेडिटचा. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे सत्रभरात माझ्या हातात ६० तास. त्यात मी कथक, भरतनाट्यम, लावणी, दंडार (आमच्याकडचं नाचगाण्याचं लोकनाट्य), रेला (गोंड-माडियांचा ओळीतला नाच) आणि हिप-हॉप अशा सहा शैलींची तोंडओळख करून देते. वाटणी सारखी नाही. कथकला १४ तास जातात, भरतनाट्यमला १०, बाकीच्यांना आठ-आठ. उरलेले ४ तास सगळ्यात आधी येतात आणि त्यांत नाच नसतो.

हा विषय अभ्यासक्रमात येण्याआधी मी कॉलेजात संध्याकाळचा वर्ग घेत असे. मी स्वतः कथकची. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या सातही परीक्षा दिलेली. त्यामुळे साहजिकच फक्त कथक शिकवायला घेतलं. २२ जण आले. माझ्या गुरूंनी जसं शिकवलं तसंच मी शिकवलं: ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. तीनतालाच्या १६ मात्रा आधी हातावर, मग पायांत. दिवाळीनंतर ७ जण उरले. मला वाटलं, पोरांना कष्ट नकोत. पण उन्हाळ्यात पहाटे उठून जंगलात तेंदूपत्ता तोडायला जाणारी ही पोरं, कष्टाला भिणारी नव्हतीच. गळालेल्यांतली एक बसस्टँडवर भेटली, तिला विचारलं. ती म्हणाली, "चांगलं हाये मॅडम, पन ते शहरातल्या पोरीयचं हाये."

ही पोरगी तिच्या गावच्या लग्नांत रात्र रात्र नाचते, मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवशी दंडार सुरू झाली की शेवटपर्यंत हलत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. तिला पहिल्या दिवशी मी "नाच येतो का?" असं विचारलं होतं, आणि तिने "नाही" सांगितलं होतं. त्या "नाही"ने मला बरेच दिवस झोपू दिलं नाही.

म्हणून आता पहिले ४ तास फक्त उभं राहायचं आणि चालायचं. डोक्यावर पाण्याचा गुंड असला की कसं चालता, शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, कसं चालता, बसमध्ये उभ्याने येताना पाय कसे ठेवता. मग एकेक शैली कशी उभी राहते ते दाखवते. कथकमध्ये गुडघे सरळ, तळवा पुरता जमिनीवर पडतो. भरतनाट्यमची अरैमंडी म्हणजे अर्धं बसणं, गुडघे बाहेर, पाठ ताठ. लावणीत वजन सारखं या पायावरून त्या पायावर जातं आणि कंबर ते सांगते. हिप-हॉपमध्ये गुडघे सैल सोडून ठेका अंगात खाली उतरवायचा. रेल्यात तर वजन एकटीचं नसतंच. एकमेकींच्या कमरेमागून हात गुंफले की एकीचा तोल दुसरीच्या आधाराने राहतो, आणि एकीचं पाऊल चुकलं तर सगळ्या ओळीला कळतं.

एकच नाच शिकलेल्या माणसाला आपली उभी राहण्याची रीत हीच सरळ रीत वाटू लागते. मलाही वाटायची. कितीतरी वर्षं वाटायची.

याचा सगळ्यात मोठा पुरावा मला धानाच्या रोवणीने दिला. जुलै-ऑगस्टमध्ये माझा निम्मा वर्ग चिखलात असतो. हजेरीपटावर लाल फुल्या पडतात, पण पोरी परत येतात तेव्हा त्यांच्या पायांत काहीतरी आलेलं असतं. दिवस दिवस कमरेत वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावत मागे मागे सरकायचं, प्रत्येक वेळी पाऊल चिखलातून अलगद काढून तोल न जाऊ देता मागे टाकायचं. अशा एका पोरीला अरैमंडीत बसवलं. पहिल्याच दिवशी ती खाली गेली, टाचा उचलल्या नाहीत, मांड्या थरथरल्या नाहीत. नागपूरला मी स्वतः हे शिकले तेव्हा मला महिनाभर लागला होता. तिची पाठ मात्र पुढे झुकायची, कारण तिची सवय वाकायची होती. तिच्या पाठीला मी भिंत दिली. आठ दिवस भिंतीला टेकून बसली, नवव्या दिवशी भिंत सोडली. त्याच पोरीला कथकच्या सरळ गुडघ्यांनी मात्र फार छळलं. मी फक्त कथक शिकवत राहिले असते तर तिला "जमत नाही" म्हणून मोकळी झाले असते.

आता एक गोष्ट सांगते जी सांगायला जड जाते. एका वर्षी युवक महोत्सवासाठी आम्ही लोकनृत्य बसवलं. मी बसवलं. भाड्याने पोशाख आणले: पानांचे घागरे, डोक्यावर रंगीत पिसं, चेहऱ्यावर पांढरे ठिपके. गाणं मोबाइलवरून घेतलं. वर्गात गडचिरोलीतल्या भामरागडकडची एक माडिया आदिवासी पोरगी होती. ती रोज सरावाला यायची, सांगितलेली प्रत्येक हालचाल करायची आणि एक शब्द बोलायची नाही. रंगीत तालमीच्या दिवशी पिसांची पट्टी हातात घेऊन तशीच उभी राहिली. काय झालं विचारलं तर खूप वेळाने म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे असं कोनी नाचत नाई." एवढंच. रागाने नाही, रडून नाही.

आम्ही त्या वर्षी तो नाच केला नाही. पोशाख दुसऱ्या दिवशी परत गेले. आजही ती पिसांची पट्टी आठवली की माझी मान खाली जाते.

पुढच्या सत्रापासून रेला माझ्या वर्गात रीतसर आला, आणि तो मी शिकवत नाही. ज्या पोरींच्या घरी तो नाचला जातो त्या शिकवतात, आणि जमेल तेव्हा त्यांच्या गावातली एखादी बाई येते. मी ओळीत शेवटी उभी राहते. पहिल्या वेळी ती माडिया पोरगीच कुरकुरली होती, "याले का शिकाचं जी? हे तं आमाले येतेच." मी म्हटलं, तुला येतं, आम्हाला येत नाही, तर शिकव. तिने दोनदा करून दाखवलं, कुणालाच जमेना. मग ती थांबली, स्वतःच्या पायांकडे बघायला लागली. कुठला पाय आधी, गुडघ्यात दाब कधी येतो, ओळ कुठल्या बोलावर सरकते हे तिने आयुष्यात पहिल्यांदा सुटं करून पाहिलं. पंधरा मिनिटं स्वतःशीच पुटपुटत होती. मग म्हणाली, "चला, आता सांगते," आणि अशी शिस्तीत शिकवायला लागली की मी वहीत लिहून घेतलं. "रे रेला रे रेला" म्हणत सगळा वर्ग हलला तेव्हा कॉमर्सची पोरं खिडक्यांत जमली होती.

हे कथकच्या आठवड्यांनंतर घडलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. कथकमध्ये ती मात्रा मोजायला शिकली होती, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येते ते ऐकायला शिकली होती. ते मोजणं तिने आपल्या नाचाकडे नेलं. आणि ज्याला आपण मोजू शकतो, सुटं करून दुसऱ्याला देऊ शकतो, ते "येतेच" एवढ्यावर सोडून देता येत नाही. सहा नाच शेजारी शेजारी ठेवण्यामागे माझा हाच हेतू आहे. कथक ही विद्या आणि रेला ही घरची गंमत, असा भेद पोरांच्या डोक्यात आपणच घालतो.

पोरांचं तर वेगळंच. ते येतात ते मोबाइलवर शिकलेलं हिप-हॉप घेऊन. मी त्यांना सांगते की हा नाच १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये, खिशात पैसे नसलेल्या पोरांनी गल्लीत आणि घरगुती पार्ट्यांत वाढवला. तिथे गोल करून उभं राहतात, एकेकाने मध्ये येऊन आपलं दाखवायचं. याला सायफर म्हणतात. आम्ही तसाच गोल करतो. एका पोराने त्या गोलात अचानक कंबर मुरडून पदर सावरल्यासारखं काहीतरी केलं आणि स्वतःच लाजला. हे कुठून आलं विचारलं, तर आजोबा दंडारीत बाईचं काम करायचे. घरी कुणी हा विषय काढत नसे. मी त्याला म्हटलं, आजोबांना विचारून ये, पदर कुठल्या हाताने धरायचे. पुढच्या आठवड्यात तो विचारून आला.

काही पालक लावणीला हरकत घेतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण लावणी काढतही नाही. लावणीच्या यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली पद्मश्री मिळाली, आमच्या झाडीपट्टी रंगभूमीच्या परशुराम खुणेंना २०२३ साली, आणि सीमेपलीकडच्या तेलंगणातल्या आदिलाबादेत गोंडांचा गुस्साडी नाच नाचणाऱ्या कनक राजूंना २०२१ साली, हे सांगते. त्यावर बहुतेक जण गप्प होतात, एखादे वडील म्हणतात, "हे माहीत नोतं जी."

गुरुभगिनींचं म्हणणं मात्र मला पटतं. नाच एकच धरावा लागतो, गुरूपाशी वर्षानुवर्षं बसावं लागतं. ६० तासांत कुणी नर्तक होत नाही, हे मी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिते. सहांची मिसळ करून गॅदरिंगला नाचवणं तर मला अजिबात मान्य नाही. प्रत्येक शैली आपल्या आपल्या दिवशी, आपल्या तालावर. पण पुण्याच्या पोरीला रोहिणी भाट्यांनी १९४७ साली सुरू केलेल्या नृत्यभारतीसारखी संस्था शहरातच मिळते. ती दहा कार्यक्रम बघते आणि मग धरते. माझ्या पोरींनी कशातून निवडायचं? ज्यांना पुढे जायचं असतं त्यांना मी वाट सांगते. गांधर्व मंडळाच्या परीक्षा आहेत. छत्तीसगडमधल्या खैरागडचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय १९५६ पासून आहे, आणि गोंदियाहून ते काही फार लांब नाही. कथकही आहे, भरतनाट्यमही. माझी एक पोरगी तिथे भरतनाट्यम शिकते आहे. तीच, भिंतीला पाठ लावून बसलेली.

या वर्षी प्रवेशाच्या वेळी एका वडिलांनी तोच प्रश्न विचारला आणि मी हे सगळं त्यांना थोडक्यात सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते ठीक आहे मॅडम. पन सुटते कवा? आमची शेवटची बस सव्वापाचची."

म्हणून वर्ग आता साडेतीनला भरतो. पावणेपाचला घुंगरं सोडायची.