दहावा दिवस

आज लेकीच्या केमोच्या या फेरीचा दहावा दिवस. सकाळच्या अहवालात न्यूट्रोफिल, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ४०० पर्यंत घसरलेल्या दिसल्या. पहिल्या फेरीत असाच आकडा पाहून माझे हातपाय गळाले होते, कारण सलाइन निघाले आणि उलट्या थांबल्या की त्रास सरला, अशी माझी समजूत होती. ही औषधे झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर घाला घालतात आणि अस्थिमज्जा, तोंडाचे व आतड्याचे अस्तर, केसांची मुळे यांतील निरोगी पेशीही त्यात सापडतात, हे डॉक्टरांनी समजावले होते; पण रक्तात आधीपासून फिरणाऱ्या पांढऱ्या पेशी संपत जातात आणि मज्जेतून नव्या पुरेशा येत नाहीत, म्हणून खरी घसरण बहुधा सातव्या ते चौदाव्या दिवसांदरम्यान होते, हे मला फार उशिरा उमगले. म्हणजे लेक पुन्हा हसूखेळू लागते, नेमके तेव्हाच तिला सर्वाधिक जपावे लागते.

म्हणून थर्मामीटर उशाशीच असतो. ताप ३८ अंश सेल्सिअसला पोहोचला की मध्यरात्र असली तरी रुग्णालय गाठायचे, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल द्यायचे नाही. त्याने ताप उतरलेला दिसतो, पण संसर्ग आत वाढतच राहतो.

केस गेले, ते बहुतेकदा परत येतात. मला अधिक बोचते ती तिची चाल. गेल्या आठवड्यापासून तिच्या पायातली चप्पल सारखी निसटत होती, पायरी चढताना ती गुडघा नको तितका उंच उचलत होती, आणि मी मात्र ‘नीट पाय उचलून चाल’ म्हणून तिच्यावर रागावले. डॉक्टरांनी तिला फक्त टाचांवर चालायला सांगितले. तिला दोन पावलेही जमली नाहीत. व्हिन्क्रिस्टिन या तिच्या केमोतल्या औषधामुळे नसांना इजा होते, पाऊल वर उचलणारे स्नायू दुबळे पडतात. मागच्या महिन्यातली बद्धकोष्ठता आणि जबड्याची कळ हीसुद्धा त्याच औषधाची होती. मी या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या धरल्या होत्या, म्हणून कोणालाच सांगितल्या नाहीत. औषध थांबल्यावर हे हळूहळू सुधारते, असे डॉक्टर म्हणाले. तोवर रोज व्यायाम आणि पावलाला आधाराची पट्टी.

रात्री तिची क्षमा मागितली. ‘मला वाटलं, माझंच चुकतंय,’ ती म्हणाली. आत्ताचा ताप ३७.१. दोन तासांनी पुन्हा पाहीन.