लागलं तर असावं

वजनकाट्यावरच्या माणसानं खिडकीतून पावती पुढे केली आणि आमच्या गाडीकडे एकदा नीट पाहून घेतलं. खडीचे डंपर तोलायची सवय असलेल्या माणसाची नजर होती ती. पावतीवर आकडा होता २,९८० किलो. गाडीचं पुढचं दार उघडलं की कडेला एक स्टिकर दिसतं, त्यावर भरल्या गाडीची मर्यादा छापलीय, २,८००. म्हणजे १८० किलो जादा. आणि कपडे, पांघरुणं, किराणा हे सगळं अजून घरीच होतं.

पिकअप घेतला तेव्हा रिकामा हौदा केवढा मोठा वाटला होता! मी त्यात उभा राहून दोन्ही हात पसरून पाहिले होते. त्यावर एक पॉप-अप कॅम्पर, म्हणजे छप्पर वर होणारी झोपायची खोली, बसवायचा, कच्च्या रस्त्यांनी लांब लांब हिंडायचं, अंधार पडेल तिथे छप्पर वर करून झोपायचं, एवढाच बेत. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. विंचवाच्या दाराला स्टिकर नसतं, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

हिशेब तसा सोपा आहे. डिझेलची टाकी भरून गाडीचं स्वतःचं वजन २,१५०. म्हणजे वर चढवायला उरले ६५०. कॅम्पर ३३०. हा आकडा काट्यावरचा बरं का. माहितीपत्रकातलं वजन सडाफटिंग कॅम्परचं असतं, गादी, पंखा, शेगडी ही मंडळी त्यात धरलेली नसतात. मग आम्ही दोघं मिळून १४५. त्यात कोणाचे किती, हे इथे सांगणार नाही. राहिले १७५ किलो. आणि या १७५ मध्ये मी ३५५ किलो बसवले होते.

कसे, ते सांगतो. आपल्या घराघरांत एक वाक्य असतं, ‘लागलं तर असावं.’ त्याला कुणी विरोध करत नाही, कारण करताच येत नाही. लागलं आणि नसलं, तर नको म्हणणाऱ्याची खैर नाही. या एका वाक्यावर पुढचा पोलादी बंपर आला. पोलादी बंपर आहे म्हटल्यावर त्यावर विंच, म्हणजे झाडाला दोर बांधून गाडी ओढणारा रहाट, आला. चिखलात अडकलो तर स्वतःलाच ओढून काढता येईल, असं मी बायकोला समजावलं. ‘समोर झाड नसलं तर?’ असं तिनं विचारलं. मी जमिनीत पुरायच्या नांगराची माहिती वाचायला लागलो. मग सामानाला शिस्त हवी म्हणून मी स्वतः सुट्टीच्या दिवशी प्लायवूडचे ड्रॉवर बनवले. दणकट झाले. इतके, की रिकामेच ४८ किलो भरले. ड्रॉवर झाल्यावर त्यांत ठेवायला काहीतरी हवं, म्हणून हत्यारं. दोन जॅक. पान्यांचा पूर्ण संच, त्यातले निम्मे पाने माझ्या गाडीच्या एकाही नटाला बसत नाहीत.

आणि पाणी. पाण्याचं वजन कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, कारण ते टाकीत दिसत नाही. लिटरला किलो, इतका सरळ व्यवहार आहे. ऐंशी लिटरची टाकी भरली की एक अख्खा माणूस कॅम्परमध्ये येऊन बसतो, तोही न बोलता.

मी मधल्या काळात एक पळवाट शोधली होती. मागचे स्प्रिंगचे पाटे वजनानं दबले होते, गाडी नाक वर करून उभी राहायला लागली होती. त्यावर इलाज म्हणून मागच्या अ‍ॅक्सलवर हवेच्या पिशव्या बसवल्या, हवा भरली, आणि गाडी एकदम सरळ! मला वाटलं, सुटला प्रश्न. आमच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकनं खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, ‘पाठ सरळ झाली, वजन कुठं गेलं?’ खरंच होतं. पिशव्यांनी उंची वाढते, दारावरचा आकडा वाढत नाही. अ‍ॅक्सल, ब्रेक, चाकं, टायर सगळं तेच राहतं. उलट जो भार पाट्यांच्या दोन टोकांत वाटला जात होता, तो चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, एकाच जागी यायला लागतो. त्यात कॅम्परचा बराच भाग मागच्या चाकांच्या पलीकडे लटकत असेल, तर खाचखळग्यांत चासीला तिथेच बाक येतो, तडाही जातो. भार शक्य तेवढा मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे हवा, हे मला काट्यावर मागची चाकं वेगळी तोलली तेव्हा उमगलं. मर्यादा १,७०० ची, निघाले १,७९०.

एका माणसाची मला नंतर फार आठवण यायला लागली. राल्फ बॅग्नोल्ड नावाचा ब्रिटिश सैन्यातला अधिकारी, १९२० च्या दशकाच्या शेवटी आणि पुढेही काही वर्षं लिबियाच्या वाळवंटात फोर्डच्या साध्या मोटारी घेऊन फिरला. वाळूत चाक रुतलं की टाकायला पोलादी पट्ट्या त्यानं बरोबर ठेवल्या, टायरमधली हवा कमी करून वाळूवर चालायचं तंत्र वापरलं. मला सगळ्यात आवडतो तो त्याचा पाण्याचा डबा. रेडिएटरमधलं पाणी उकळून वाफ बाहेर पडते आणि वाया जाते, म्हणून त्यानं ती वाफ नळीनं एका पाण्याच्या डब्यात सोडली. डब्यात तिचं पुन्हा पाणी व्हायचं आणि इंजिन गार झालं की तेच पाणी रेडिएटर परत ओढून घ्यायचा. जास्तीचं पाणी लादण्याऐवजी आहे ते उडू द्यायचं नाही. पुढे १९४० मध्ये त्यानं वाळवंटात दूरवर टेहळणी करणारं पथक उभारलं, त्या ट्रकांची तर दारं आणि टपसुद्धा काढून टाकलेले होते. आणि मी? मी कॉफीच्या मगांसाठी खाचा असलेला ड्रॉवर करत होतो.

विजेच्या बाबतीत मात्र मी फारसा उधळ्या नव्हतो, असं मला वाटायचं. छोटा कॉम्प्रेसरचा फ्रिज, तो चालू असताना ४५ वॅट घेतो, पण सतत चालत नाही. बॅटरीच्या भाषेत दिवसाला साधारण ४० अँपिअर-तास वीज धरली होती. त्यासाठी शंभर-शंभरच्या दोन लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या. लेड-अ‍ॅसिड अर्ध्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणजे शंभराची बॅटरी व्यवहारात पन्नासाचीच. एकेक २८ किलोची. लिथियमची एकच, साधारण १२ किलोची, जवळजवळ तेवढंच काम करते; फक्त शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते, म्हणून ती बाहेर बोनेटपाशी न ठेवता आत, आपल्या पायापाशी ठेवतात.

पण बॅटरीपेक्षा मला छळलं ते एका वायरनं. पहिल्या मुक्कामाला फ्रिज रात्री दोन वाजता ओरडायला लागला. व्होल्टेज कमी, असा दिवा. बॅटरी पाहिली तर भरलेली. बंद केला, चालू केला, गप्प बसला, पुन्हा वीस मिनिटांनी ओरडला. तीन रात्री मी त्या फ्रिजला शिव्या घातल्या. चौथ्या दिवशी मीटर घेऊन बसलो. बॅटरीच्या टोकाला १३ व्होल्ट, फ्रिजच्या टोकाला कॉम्प्रेसर सुरू होताना साडेअकरा. मधला दीड व्होल्ट सहा मीटरच्या बारीक वायरनं खाल्ला होता. घरातल्या दिव्यांच्या वायरिंगमधली दीड चौरस मिलीमीटरची वायर उरली होती, तीच मी ओढली होती. घरात चालते, कारण तिथे दाब जास्त आणि प्रवाह कमी. १२ व्होल्टवर तेवढ्याच कामाला प्रवाह कितीतरी पट लागतो आणि बारीक वायरीत तो दमतो. सहा चौरस मिलीमीटरची टाकली, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज बसवला, आणि फ्रिज त्या दिवसापासून गुणी बाळासारखा झोपतो. गंमत म्हणजे ३५५ किलोंमध्ये जी वायर जाड हवी होती, तेवढीच नेमकी मी काटकसरीनं घेतली होती.

छपराबद्दल सांगायला हवं, कारण या सगळ्या उपद्व्यापातला तोच खरा आनंद आहे. मिटलेल्या कॅम्परची उंची गाडीच्या टपापेक्षा थोडीच जास्त, म्हणून झाडांच्या फांद्या लागत नाहीत आणि आडवा वारा ढकलत नाही. मुक्कामाला पोचलं की बाहेरच्या चार कड्या सोडायच्या, मागच्या दारातून कमरेत वाकून आत शिरायचं, छताच्या फळीला खांदा लावायचा आणि उठायचं. सुरुवातीला जोर लागतो, मग अर्ध्यावर गॅसचे दांडे हातातलं काम काढून घेतात आणि छप्पर एक सुस्कारा टाकून वर जातं. बाजूचा कॅनव्हास ताणला जातो, आणि जिथे रांगत आलो तिथे आपण सरळ उभे असतो. सकाळी हेच उलट. मी आतून पट्टा धरून खाली ओढतो, बायको बाहेरून फिरत फिरत सुटलेला कॅनव्हास आत दाबते. ‘डावीकडे राहिलंय.’ थोडं वर. ‘अरे, तुझं डावं नाही, माझं.’ पुन्हा वर. चिमटीत कापड सापडून एकदा कॅनव्हासला भोक पडलं, त्यावर तिनं घातलेलं रफू अजून आहे.

या कापडी भिंतींची एक खोड आहे. थंडीच्या रात्री दोन माणसं झोपेत श्वासावाटे साधारण अर्धा लिटर पाणी हवेत सोडतात, ते जाणार कुठे? पहाटे अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीवरून नेमका कपाळावर पहिला थेंब येतो. म्हणून कितीही गारठा असला तरी एक खिडकी बोटभर उघडी. शेगडी पेटवून ऊब आणायचा मोह होतो, पण गॅस जळतानाही वाफच तयार होते, शिवाय बंद जागेत विषारी वायूची भीती. आम्ही डिझेलचा हीटर घेतला, जळायला लागणारी हवा तो बाहेरून घेतो आणि धूर बाहेरच सोडतो. तरी कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा उशाशी आहेच. ‘लागलं तर असावं’ हे ज्याच्याबद्दल बिनदिक्कत म्हणावं, अशी ती एकमेव वस्तू, आणि वजन शंभर-दोनशे ग्रॅम.

काट्यावरून परत आलो त्या रात्री आम्ही दोघं हौद्यासमोर बसलो आणि एकेक वस्तू हातात घेऊन विचारत गेलो, मागच्या वेळी ही काढली होती का? विंच आणि बंपर उतरवले. एकदाही वापरले नव्हते. त्यांच्या जागी रुतलेल्या चाकाखाली घालायच्या प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या आणि एक फावडं. ड्रॉवर काढताना जीवावर आलं. त्यांच्या जागी झाकणाचे खोके आणि पट्टे. दोन बॅटऱ्यांची एक झाली. पाणी ३५ लिटरवर आणलं. नटांना न बसणारे पाने घरी. शेवटी घडीच्या दोन खुर्च्यांतली एक काढली आणि पाळीपाळीनं बसायचं ठरवलं.

मग कपडे, पांघरुणं, किराणा, सगळं भरून पुन्हा काट्यावर. तोच माणूस, तीच खिडकी. या वेळी २,७६५. पस्तीस किलो शिल्लक! मी पावती घडी करून खिशात ठेवली आणि परतीच्या वाटेवर उदार झालो. पाणी वाढवू, म्हटलं. आणि घरी गेल्यावर पहिली ती खुर्ची परत ठेवू, पाळीपाळीनं कसलं बसायचं?

बायको काही बोलली नाही, डॅशबोर्डकडे बघत होती. डिझेलचा काटा अर्ध्यावर होता. टाकी ७६ लिटरची. अडतीस लिटर डिझेल म्हणजे जवळपास ३२ किलो.

‘तीन उरतात,’ मी म्हटलं.

‘खुर्ची चारची आहे,’ ती म्हणाली.