ताई, तुम्ही अजून शाळेत जाता?

सुट्टीला स्वीडनहून ठाण्याला आले की दुसऱ्याच दिवशी आईकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींची उलटतपासणी सुरू होते. या वेळी तव्यावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "ताई, तुम्ही तिकडं अजून शाळेत जाता म्हणे? या वयात?"

जाते खरी. आधी एसएफआय, म्हणजे बाहेरून आलेल्यांसाठीचे स्वीडिश भाषेचे वर्ग, आणि आता कोमवक्स. ही नगरपालिकांची मोठ्या माणसांची शाळा, 1968 पासूनची. शिकवणी फुकट, पुस्तकं पदरची. माझ्या शेजारी एक सुतार बसतो, त्याला रुग्णसेवेत जायचंय. आपल्याकडे प्रौढ शिक्षण म्हटलं की अजून कंदील आणि पाटीच आठवते!

मावशींना मी जास्त सांगत बसले ते तिथल्या सल्लागार बाईंबद्दल. प्रवेश घेण्याआधी असा सल्ला उपलब्ध करून देणं नगरपालिकेला कायद्यानेच बंधनकारक आहे. पदाचं नाव इतकं लांबलचक की ते मला म्हणता येईस्तोवर पहिली भेट संपली होती. मी एमकॉमच्या गुणपत्रिकांची फाईल छातीशी धरून गेलेले. बाईंनी ती बाजूला ठेवली आणि विचारलं, घरी अभ्यासाला टेबल आहे का? लेकीला पाळणाघरातून किती वाजता आणायचं असतं? शेवटची परीक्षा कधी दिलीस? मग फाईल उघडली. एमकॉम म्हणजे काय, हे मात्र मला दोनदा समजवावं लागलं.

एसएफआयच्या तीन वाटा असतात. शाळा फारशी न पाहिलेल्यांची पहिली, माझ्यासारख्या बुकं शिकलेल्यांची तिसरी. बाईंनी मला तिसरीवर घातलं आणि कागदावर माझा एकटीचा अभ्यासाचा आराखडा मांडून दिला. दोन महिन्यांत मी मागे पडले, तेव्हा फोन त्यांचाच आला. दुपारचा वर्ग संध्याकाळचा झाला. भेटीची वेळ मिळायला तीन आठवडे लागतात, हेही सांगून ठेवते, नाहीतर सगळं गोडगोड वाटेल.

"मला दहावी करायचीय," मावशी म्हणाल्या. त्यांची शाळा आठवीत सुटली, आणि शाळेत शिपाई-आयाच्या जागेला दहावी मागतात. त्यांचं माहेर मुरबाडकडचं. त्याच तालुक्यात फांगण्याला 8 मार्च 2016 ला आजीबाईंची शाळा सुरू झाली, गुलाबी लुगड्यातल्या आज्या पाटीवर अक्षरं गिरवतात ती. पण मावशींना अक्षरं येतात, पेपर वाचतात त्या. त्यांच्यासाठी रात्रशाळा आहे, बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म आहे, मुक्त विद्यालय आहे. वाटा भरपूर. यांतली तुमची कोणती, हे बसून सांगणारं माणूस मात्र त्यांना भेटलं नव्हतं. एकदा त्या एका खिडकीवर जाऊन आल्या, तर "उद्या या" म्हणून परत पाठवलं. ती उद्या चार वर्षांपूर्वीची.

मग गॅस बंद करून दोघी टेबलाशी बसलो. मी बाईंचेच प्रश्न विचारले. किती घरची कामं? रात्री किती वाजता मोकळ्या होता? गणित कितपत आठवतं? मावशी पिठाच्या हातांनी बोटं मोजत म्हणाल्या, "नऊनंतर. अपूर्णांकापर्यंत येतं."

"आणि शाळा सोडल्याचा दाखला?"

सतरा नंबरला तो मूळ लागतो. मावशींनी हात धुतले, पदराला पुसले आणि मुरबाडला भावाला फोन लावला. "अरे, माळ्यावरची ती पत्र्याची पेटी बघ जरा."