वाटीभर मटकी, दोघांसाठी

"दोघंच तर आहात, दोघंही नोकरीला. त्यापेक्षा डबा लावला तर स्वस्त नाही का पडणार?" शेजारच्या काकूंनी विचारलं, ऑफिसात नुकतंच लग्न झालेल्या मैत्रिणीनेही गेल्या आठवड्यात विचारलं. दोघींनी विचारलं म्हणून सविस्तर सांगते.

डबा आम्ही लावून पाहिलाय. नुसत्या रात्रीच्या दोन डब्यांचे महिन्याला सहा हजार जायचे. आता किराणा, भाजी, दूध मिळून सात हजारांच्या आसपास लागतात, पण त्यात नाश्ता आला आणि ऑफिसला न्यायचे डबेही आले.

सुरुवातीला मात्र घरचंच महाग पडत होतं. माझा हात आईच्या घरच्या सहा माणसांच्या मापाला बसलेला. आमटी उरायची, कोथिंबीर सडायची, अर्धा कोबी फ्रीजमध्ये काळा पडायचा. दोघांच्या स्वयंपाकात पैसा जातो तो या उरण्यात, हे कळायला मला वर्ष लागलं.

मग मटकीने शिकवलं. शनिवारी सकाळी एक वाटी मटकी भिजत घालायची, रात्री उपसून ओल्या फडक्यात बांधून ठेवायची. रविवारी दुपारपर्यंत मोड येतात. थंडीत गाठोडं डब्यात घालून उबेला ठेवावं लागतं, तरी एखादा दिवस जास्त जातो. वाटीची जवळजवळ तीन वाट्या मटकी होते. तिच्यातली अर्धी उसळीला. उरलेल्या उसळीत सोमवारी पाणी आणि थोडा गोडा मसाला वाढवला, वर फरसाण आणि कांदा घातला की मिसळ. बाकीची मोडाची मटकी फ्रीजमध्ये, मंगळवारच्या मटकीभातासाठी. वीस-पंचवीस रुपयांच्या मटकीत तीन जेवणं, आणि तिन्हींची चव वेगळी.

उशीर झाला की पिठलं. दोघांना अर्धी वाटी बेसन पुरतं, दीड-दोन वाट्या पाण्यात गुठळ्या मोडून कालवलेलं. फोडणीत लसूण, मिरची आणि कढीपत्ता हवाच. ते माझा नवरा करतो, माझ्यापेक्षा चांगलं करतो. भाकरी मात्र दोघांची असते. मी थापून तव्यावर टाकते, तो वरून पाण्याचा हात फिरवतो, उलटतो आणि जाळावर फुगवतो. एकटीने केल्या तर चार भाकऱ्यांना कंटाळा येतो, दोघांनी केल्या तर कधी झाल्या कळत नाही.

वरणभाताचं सांगायला नको, एका कुकरमध्ये डाळ, तांदूळ आणि तळाच्या पाण्यात दोन बटाटे.

भाजी आम्ही मंडईतून संध्याकाळी उशिरा आणतो. त्या वेळी मावशी उरलेल्या मेथीच्या जुड्या कमी भावात देतात. मात्र स्वस्त मिळाली म्हणून तीन जुड्या आणायच्या नाहीत. एकच आणायची आणि त्याच रात्री निवडायची. अर्धी भाजीला, अर्धी दुसऱ्या दिवशी चिरून थालीपिठात. ही निवडायची वेळ मला फार प्रिय आहे. मध्ये वर्तमानपत्र पसरून समोरासमोर बसायचं. दिवसभरात ऑफिसात काय झालं, कुणाच्या घरी कोण आजारी आहे, हे सगळं तेव्हाच बोललं जातं. डबा होता तेव्हा आम्ही जेवायचो, पण असे समोरासमोर बसत नव्हतो.

बाहेर आम्हीही जेवतो, महिन्यातून एक-दोनदा, आवडीने. दमलोय म्हणून मागवणं मात्र मागे पडलंय. दमलेल्या दिवशी गरम भातावर मेतकूट आणि तूप, सोबत भाजलेला पापड. त्याच्याइतकं सुख मला कुठल्याच मागवलेल्या जेवणात सापडलेलं नाही.

मैत्रिणीला मी एवढंच सांगितलं, येत्या शनिवारी वाटीभर मटकी भिजत घाल. रात्री उपसून फडक्यात बांधायचं काम त्याच्याकडे दे.