रातच्या लाइटची पाळी

लोकअदालतीच्या पॅनेलवर वकील सदस्य म्हणून बसलं की सकाळचे दोन तास नुसत्या सह्या करण्यात जातात. ग्रामपंचायतीची थकलेली घरपट्टी-पाणीपट्टी, बँकांची दाखलपूर्व प्रकरणं, चेक न वटल्याचे १३८चे खटले. वसुली अधिकारी फायलींचा गठ्ठा घेऊन उभाच असतो. व्याजात किती सोडायचं ते तो वरून विचारून आलेला असतो. कर्जदार कमरेला खोचलेले पैसे काढतो, पुरसिस, म्हणजे तडजोडीचा लेखी कागद, भरली जाते, पुढचा पुकारा होतो. संध्याकाळी ‘इतकी हजार प्रकरणं निकाली’ अशी जी बातमी येते, तिच्यात मोठा भरणा याच कामाचा असतो. हे काम फालतू आहे असं मी म्हणत नाही. घरपट्टीसाठी कुणी तारखा खाव्यात असं मलाही वाटत नाही. पण भाऊबंदकीचा जमिनीचा दावा टेबलावर आला की हा वेग काही कामाचा नसतो.

२०२४च्या मार्चमधली लोकअदालत. सोलापूर जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं कोर्ट. पॅनेलप्रमुख म्हणून नव्याने बदलून आलेले कनिष्ठ स्तर न्यायाधीश, शेजारी मी. साडेबाराच्या सुमाराला पुकारा झाला आणि एकाच भावकीतली पंधरा-सोळा माणसं आत आली. पुढे दोघे चुलतभाऊ. थोरल्या घरचे अण्णा, साठीचे, टोपी हातात. धाकट्या घरचे बापू, पन्नाशीतले, शर्टाच्या खिशात डाळिंबाच्या औषधाची पावती तशीच. दोघांचे वकील आमच्याच बारचे. दिवाणी दावा एक, आणि एकमेकांवर केलेल्या मारहाण-शिवीगाळीच्या क्रॉस केसेस दोन.

कागदावरचं भांडण असं. आज्ज्यानंतर दोन मुलांत तोंडी वाटणी झाली. ओढ्याकाठचा खालचा तुकडा थोरल्याने कसायला घेतला, विहिरीकडचा वरचा धाकट्याने. पण सातबाऱ्याला नोंदी उलट्या लागल्या. वरचं रान नावावर अण्णांच्या, कसतात बापू; खालचं नावावर बापूंच्या, कसतात अण्णा. चाळीसेक वर्षं कुणाचं काही अडलं नाही. मग बापूंनी वरच्या रानात डाळिंब लावलं, बाग धरली. ई-पीक पाहणी मोबाइलवर आली, पीकविमा, अनुदान सगळं सातबाऱ्याच्या नावाने येऊ लागलं. अण्णांचा पुण्याला नोकरीला असलेला मुलगा दिवाळीला आला, त्याने उतारा ऑनलाइन काढून बघितला आणि म्हणाला, ही बाग तर आपल्या रानात आहे. तिथून दावा. अण्णांची मागणी मालकीहक्काने वरच्या रानाचा ताबा, बापूंचा बचाव बारा वर्षांवरचा प्रतिकूल कब्जा.

गंमत अशी की दोघांचाही पाय दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर. अण्णा जिंकले असते तर बापूंनी दुसऱ्या दिवशी खालच्या रानासाठी दावा लावला असता, त्याच कारणांवर. वकिलांना हे दिसत होतं. मग अदलाबदल करून टाकायची ना? इथेच अशी शेकडो कुटुंबं अडकून बसली होती. अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क खरेदीखतासारखंच, तेही दोन्हींतल्या जास्त किमतीच्या जमिनीवर. आपलीच जमीन आपल्या नावावर करून घ्यायला लाखभर रुपये कोण भरतो? २०२३च्या जानेवारीत सरकारने सलोखा योजना आणली, तेव्हा हा पेच सुटला. दोघांचा एकमेकांच्या शेतजमिनीवर किमान बारा वर्षं ताबा असेल आणि तलाठ्याच्या पंचनाम्यात तो दिसला, तर अदलाबदलीला मुद्रांक शुल्क हजार रुपये, नोंदणी फी हजार रुपये. इतक्या साध्या भाषेत गरज ओळखलेला सरकारी निर्णय मी क्वचित वाचला आहे.

न्यायाधीशांनी योजना समजावून सांगितली तेव्हा अण्णांनी मुलाकडे बघितलं. मुलगा म्हणाला, “मग आमचं रान त्यांनी चाळीस वर्षं वापरलं त्याचं काय?” बापू म्हणाले, “आन तुम्ही आमचं?” त्यावर खुद्द अण्णाच हसले. जमिनीचा प्रश्न तिथे अर्ध्या तासात मिटला. पुढचे अडीच तास गेले ते पाण्यात.

त्याआधी एक कागद पुढे आला. गावचे तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष सोबत होते. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हापासून आमच्याकडे गावोगाव समित्या आहेत. काही ठिकाणी त्या खरंच राबतात, काही ठिकाणी फक्त कमानीवरच्या बोर्डात उरल्या आहेत. या अध्यक्षांनी मात्र मनापासून खटपट केली होती. त्यांनी वहीचं पान दाखवलं: ‘उभयतांनी यापुढे गुण्यागोविंदाने राहावे व सामाईक विहिरीचे पाणी आपसात समजुतीने घ्यावे.’ खाली अकरा सह्या, दोन अंगठे. या समझोत्यानंतर सातव्या दिवशी विहिरीवर काठ्या निघाल्या होत्या.

न्यायाधीशांनी पान परत देताना विचारलं, “समजुतीने म्हणजे कुणी किती वाजता मोटर चालू करायची?” अध्यक्ष म्हणाले, “ते ज्याचं त्यानं बघायचं, सायेब.”

माझं मत विचाराल तर निम्म्या तडजोडी अशा वाक्यांत बुडतात. भांडण होतं मोटरच्या बटणावर, आणि कागदात लिहिलेलं असतं प्रेमाने राहा. त्यात लोकअदालतीच्या अवॉर्डवर, म्हणजे तडजोडीच्या निवाड्यावर, अपील नाही. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने त्याला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ आहे. म्हणजे वाक्य ढिलं राहिलं तर ते ढिलंच कायम होतं, आणि उद्या अंमलबजावणीला बेलिफ गेला तर त्याने तिथे नेमकं काय करायचं?

तर पाणी. विहीर वरच्या रानात, सातबाऱ्याला दोघांचा निम्मा हिस्सा. मोटर एक, वीजजोडणी एक. न्यायाधीशांनी सरळ तोडगा काढला: रविवार ते बुधवार दुपारपर्यंत अण्णा, तिथून शनिवारपर्यंत बापू. आठवड्याचे दोन सारखे भाग. दोन्ही वकिलांनी माना डोलावल्या. बापू काही बोलले नाहीत. मी मसुदा लिहायला घेतला.

दाराशी बायका उभ्या होत्या. त्यातल्या एकीने पदर सावरून पट्टेवाल्याला काहीतरी म्हटलं, त्याने तिला गप्प राहायची खूण केली. मी विचारलं कोण. बापूंची मालकीण. आत बोलावलं तर दोन पावलं आत येऊन थांबली. न्यायाधीशांकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाली, “म्याडम, गुरुवारपास्नं लाइट रातची असती.”

क्षणभर कुणालाच कळलं नाही, मग सगळ्यांनाच कळलं. शेतीपंपाला तीन फेज वीज तेव्हा मिळायची आठेक तास, आणि तीही पाळीने, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. त्यांच्या फीडरला, म्हणजे त्यांच्याकडे वीज आणणाऱ्या वाहिनीला, रविवार ते बुधवार दिवसा, गुरुवार ते शनिवार रात्री. म्हणजे वारांची समान वाटणी कागदावर शोभली असती, आणि बापूंच्या घरात जन्मभर रात्रीचं पाणी आलं असतं. “हे मणक्याच्या दुखण्यानं रातचं जात न्हाईत,” ती म्हणाली, “पोरगं इंजेनेरिंगला. बॅटरी घेऊन मीच जाती. मागल्या साली पाइपाखाली घोणस निघाली.”

दाव्याच्या अर्जात, कैफियतीत, दोन्ही फिर्यादींत मिळून पन्नासेक पानं होती. त्यांत कुठे लाइटचा उल्लेख नव्हता. मारामारी झाली ती रात्र कुठल्या वाराची होती ते मी तिथेच फिर्यादीतल्या तारखेवरून काढलं. मंगळवार होता. दिवसाची लाइट असलेला वार, अण्णांच्या मुलाने दिवसभर मोटर सोडली नव्हती, आणि अंधार पडल्यावर ही बाई जाब विचारायला विहिरीवर गेली होती. फिर्यादीत लिहिलंय ‘जुन्या भांडणाच्या कारणावरून’.

मला अशा वेळी रंगपूरची आठवण होते. गुजरातमध्ये छोटा उदेपूरकडे हरिवल्लभ परीख यांनी आदिवासींमध्ये राहून जी लोकअदालत चालवली, तिथे नवरा-बायकोचे तंटेही भरल्या माणसांत सोडवले जात, ज्याचं दुखणं त्याच्याच तोंडून. आमच्याकडे नाव तेच आलं, पण पक्षकार म्हणून ज्याचं नाव सातबाऱ्यावर तोच खुर्चीत आणि रात्री मोटरवर जाणारी दाराशी. कायद्यात तिला बोलायला मज्जाव नाही. तसा बोलावण्याचा रिवाजही नाही.

आता वाटणी नव्याने. बाई म्हणाली, दिसाड करा. एक दिवस त्यांचा, एक आमचा. आठवड्याचे दिवस सात, विषम. त्यामुळे दर आठवड्याला वार फिरतात आणि रात्री आपोआप वाटल्या जातात. फार सुरेख हिशोब, शाळेत न शिकवलेला. पण अण्णा अडले. “ठिबकला दिसाड चालतंय. माझा खाली मका हाय, पाटानं पाणी द्यावं लागतंय. एका दिवसात निम्म्या सऱ्या भिजत्यात, तिसऱ्या दिवशी पयल्यापास्नं सुरू.” तेही खरंच होतं. बापूंच्या वकिलाने मक्यालाही ठिबक करा असं सुचवलं. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

मग न्यायाधीश उठले आणि भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढून टेबलावर आणलं. पेन्सिलीने प्रत्येक चौकटीत ‘थो’ आणि ‘धा’ लिहायला लागले. दोन दिवस थोरलं घर, दोन दिवस धाकटं. चार आठवडे भरले तेव्हा अण्णांचा मुलगाच बोट ठेवून मोजत होता. बारा रात्री, सहा तुमच्या, सहा आमच्या. दोन दिवसांत मका भिजतो का? अण्णा म्हणाले, “भिजतो. थोडं राह्यलं तरी चालतंय.” शिरस्तेदारांनी बाहेरून निरोप पाठवला की दुसऱ्या पॅनेलचं काम आटोपलं, तुमची किती राहिली. न्यायाधीशांनी बोटाने दार लावून घ्या अशी खूण केली. या माणसाबद्दल मला तेव्हापासून आदर आहे.

बाकीचं भरभर झालं. पंधरा दिवसांत सलोख्यासाठी तलाठ्याकडे अर्ज, पंचनामा झाल्यावर महिन्याच्या आत अदलाबदल दस्त, खर्च निम्मा-निम्मा. सोसायटीचं कर्ज ज्याने उचललं त्याने फेडायचं. मोटर जळाली तर दुरुस्ती निम्मी-निम्मी, मात्र ज्याच्या पाळीत जळाली त्याने आधी पैसे घालून तीन दिवसांत चालू करायची. हे कलम अण्णांनी सुचवलं. पाळी सूर्योदयाला बदलेल. महावितरणने वेळापत्रक बदललं तरी पाळीचा क्रम हाच राहील. क्रॉस केसेसमध्ये तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं ३२३, ५०४, ५०६ होतं, म्हणजे साधी मारहाण, अपमान, धमकी; ते फिर्यादीच्या संमतीने मिटवता येत होतं. कुणी काठीऐवजी विळा उचलला असता आणि हत्याराने दुखापतीचं ३२४ लागलं असतं, तर लोकअदालतीला त्याला हात लावता आला नसता.

एक काटा राहिला होता. भावकीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी मोठ्या आवाजात सांगितलं की दोघांनी कोर्ट केलं म्हणून भावकीने ठरवलंय, दंड भरल्याशिवाय यांच्या घरच्या लग्नाला कुणी जायचं नाही; तेवढं आता इथेच मिटवून टाका. आपण मोठं उपकाराचं बोलतोय असा त्यांचा चेहरा. मी त्यांना २०१६चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा सांगितला: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ते म्हणाले, “तसं न्हवं, आमचं आपलं घरातलं.” कोर्टाबाहेरचा न्याय म्हटलं की आपल्याला पार, पिंपळ आणि शहाणी पाच माणसं आठवतात, हा दंडही तिथलाच असतो. न्यायाधीशांनी तंटामुक्ती अध्यक्षांना समोर बोलावून त्यांच्यादेखत विचारलं, असा काही ठराव आहे का. अध्यक्षांनी नाही म्हटलं. गृहस्थ मागे सरकले. तो ठराव खरंच मोडला की फक्त त्या खोलीपुरता, ते मला तिथे बसून ठरवता आलं नाही.

पुरसिसवर अण्णांची सही, बापूंची सही. मी म्हटलं, पाळीच्या कलमापाशी बाईंचीही घ्या. अण्णांचे वकील म्हणाले, त्या पक्षकार नाहीत. न्यायाधीश म्हणाले, समजून घेतल्याबद्दल घेऊ. तिने नाव सावकाश, जोडाक्षर मोडून लिहिलं. कॅलेंडरचं पान फाडून त्याच्या दोन झेरॉक्स काढल्या आणि अवॉर्डला जोडल्या. अण्णांनी दाव्याला भरलेली कोर्ट फी परत मिळण्याचा आदेशही त्यातच केला; ते पैसे हातात यायला पुढे अर्ज लागतो, तेही सांगितलं.

त्या दिवशी आमच्या पॅनेलचा आकडा तालुक्यात सगळ्यात कमी भरला. आढावा बैठकीत त्याबद्दल विचारणा झाली, न्यायाधीशांनी उत्तर दिलं, ते मी ऐकलं नाही.

अदलाबदल दस्त जूनमध्ये नोंदला गेला, पंचनाम्याला थोडा उशीर झाला म्हणून. पुढच्या वर्षी बापूंचे वकील बाररूममध्ये भेटले. त्यांच्या फीडरला सौर प्रकल्पाची वीज आली आहे, आता रोज दिवसाच लाइट असते. त्यामुळे बापूंना दोन दिवसांऐवजी दिवसाड पाळी हवी आहे, ठिबकला ती सोयीची. अण्णा म्हणतात क्रम हाच राहील असं लिहिलंय. वकील मला विचारत होते, अवॉर्ड बदलता येईल का. मी म्हटलं, दोघांची राजीखुशी असेल तर नवा कागद करा, आणि करताना त्या बाईंना आधी विचारा. त्यांनाच विचारलं होतं, ते म्हणाले. त्या म्हणाल्या, दोन दिवसच बरं, मधे दोन दिवस मोटरवर जावं लागत नाही.